आयता विजय

इकुयो गेल्यापासून घरी माणसं येतात. तिच्या फोटोसमोर बसतात, उदबत्ती लावतात, घंटी वाजवतात, आणि मग चहा घेता घेता मला माझीच गोष्ट सांगतात.

"मियावाकी-सान, बायकोसाठी अंतिम शर्यत सोडणारा नवरा कुठे मिळतो हो?"

परवा मासळीवाला तेच म्हणाला. त्याआधी एका वर्तमानपत्राचा माणूस आला होता, त्याच्या वहीत ते आधीच लिहिलेलं होतं. मी मान हलवतो, चहा ओततो, उठून उगाच खिडकी उघडतो. हल्ली मला एका जागी बसवत नाही. पण इकुयो ऐकत असती तर तिने उदबत्तीच्या राखेचं भांडं उचलून आम्हा दोघांनाही मारलं असतं. तिला कोणी काही सोडलं नव्हतं. म्हणून झालं तसं लिहितो.

इकुयो तादोत्सु गावची. तिचे वडील समुद्रात नोरीच्या, म्हणजे खायच्या शेवाळाच्या, जाळ्या लावायचे. हिवाळ्यात शाळेत जायच्या आधी ती त्यांची सपाट बोट जाळ्यांपर्यंत नेऊन आणायची. मोटारबोटींच्या शर्यतीच्या शाळेत जाते म्हणाली तेव्हा वडील म्हणाले, "बोट चालवायचे पैसे मिळतात? मग मी इतकी वर्षं काय करतोय?" तिने ते हसण्यावारी नेलं आणि गेली. आमच्या खेळात बायका आणि पुरुष एकाच पाण्यात, एकाच शर्यतीत उतरतात. बायकांना वजनाची थोडी सूट असते, बाकी काही नाही.

ती आमच्या खेळाडूंच्या कागावा शाखेत आली तेव्हा मी तिला बराच वरिष्ठ होतो. पहिला विजय मिळाला की आपल्या शाखेची माणसं जिंकणाऱ्याला हातापायांना धरून पाण्यात फेकतात, अशी आमच्यात रीत आहे. इकुयोला फेकायला आम्ही चौघं होतो. डावा पाय माझ्याकडे होता. तिने माझ्या जर्किनची कॉलर अशी धरली की ती पाण्यात गेली आणि मागोमाग मीही. वर आल्यावर म्हणाली, "माफ करा हं, मियावाकी-सान." माफी मागताना दात दिसत होते. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

लग्नानंतरही धक्क्यावर ती मला मियावाकी-सानच म्हणायची, अहो-जाहो करायची. तिथे वरिष्ठ तो वरिष्ठ. घरी आल्यावर चपला काढायच्या आत "अरे" सुरू व्हायचं.

नेमणुकीचं पत्र येईल तिथे जायचं, हे आमचं आयुष्य. गेलं की शर्यती संपेपर्यंत वसतिगृहात बंद. फोन नाही, पत्र नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही. लोक आमच्यावर पैसे लावतात, म्हणून हे सगळं. महिन्याचे निम्मे दिवस मी असा बंद, निम्मे दिवस ती, आणि आमची मुलगी काएदे झाल्यावर मधले सगळे दिवस माझी आई. काएदे अडीच वर्षांची झाली आणि एकदा आईचा हात सोडून रस्त्यावर पळाली. ट्रकवाल्याने थांबवलं म्हणून बरं. त्या संध्याकाळी आईने आम्हाला दोघांनाही समोर बसवलं.

"माझ्याच्याने आता धावणं होत नाही," ती म्हणाली. "तुमच्यापैकी एकाने घरी बसा. कोणी, ते मी कशाला सांगू?"

सांगत नाही म्हणाली, पण बघत इकुयोकडेच होती. मीही तिच्याकडेच बघत होतो. त्या वर्षी मी खेळाडूंच्या सगळ्यात वरच्या वर्गात होतो, आदल्या उन्हाळ्यात मोठा चषक घेतला होता, माझा फोटो रेल्वे स्टेशनात लागला होता. इकुयो नुकती कुठे वर येत होती. सगळ्यांच्या मनात उत्तर ठरलेलंच होतं. इकुयोने काएदेचं नाक पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या नेमणुकीनंतर बघू."

पुढची नेमणूक आम्हा दोघांना एकाच ठिकाणी आली. समुद्रापलीकडचा किनारा, पुलावरून आगगाडीने थोडाच वेळ. आईने तोंड वाकडं केलं, पण या वेळेपुरतं सांभाळते म्हणाली.

नवरा-बायको, भाऊ-भाऊ, बाप-लेक यांना आमच्याकडे एका शर्यतीत घालत नाहीत. संशयाला जागा नको म्हणून. फक्त अंतिम शर्यत सोडून. तिथे गुणांवर जो येईल तो येतो, मग नातं बघत नाहीत. आम्ही इतकी वर्षं कधी एकत्र अंतिम शर्यतीत आलो नव्हतो. या वेळी आलो. मला पहिली बोट मिळाली, पांढरा सदरा, सगळ्यात आतली जागा. तिला चौथी, निळा सदरा. आतली जागा म्हणजे वळण जवळचं, अर्धी शर्यत तिथेच जिंकलेली असते. चौथ्याला लांबून यावं लागतं. पण लांबून येतो तो वेगात येतो.

अंतिम शर्यतीच्या आदल्या दुपारी पंख्यांच्या खोलीत आम्ही सगळे ठोकत बसलो होतो. त्या काळी बोटीच्या मोटरचा पंखा ज्याचा त्याचा असायचा. पितळेचा, तळहाताएवढ्या दोन पात्यांचा. हातोडीने ठोकून हवा तसा वाकवायचा. कोणाला वळणातून उसळून बाहेर पडायचं असतं, कोणाला सरळ पाण्यावर जास्त वेग हवा असतो. दोन्ही एकदम मिळत नाही. मी माझ्या पात्याला फारसं काही करत नव्हतो. पाठीमागच्या बाकावर इकुयो ठोकत होती. बारीक, भराभर, पात्याच्या पार कडेला. टिकटिक टिकटिक. कडेला ठोकणं म्हणजे सरळ पाण्यावरचा वेग. ती वळणाचा विचारच करत नव्हती. लांबून सुसाट यायचं आणि आतल्या तिघांना बाहेरच्या अंगाने झाकून टाकायचं, एवढंच तिला हवं होतं.

मी उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. टिकटिक चालूच.

माझ्या शेजारी गोदा-सान होते. पंचावन्नचे, आमच्या शाखेतले सगळ्यात जुने, दुसऱ्या बोटीवर. ते म्हणाले, "मियावाकी, तुझी बायको ठोकतेय की कुणाचा जीव घेतेय?"

"तिलाच विचारा."

"मी नाही विचारत. उद्या मी तुमच्या मध्ये बसणार आहे. नवरा-बायकोच्या मध्ये बसलेल्या माणसाने तोंड उघडू नये."

इकुयोची टिकटिक थांबली. ती उठून आमच्या बाकापाशी आली, हातात हातोडी तशीच.

"मियावाकी-सान," ती म्हणाली, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, "उद्या जो मागे राहील तो घरी बसेल. चालेल तुम्हाला?"

खोलीतल्या सगळ्या हातोड्या बंद पडल्या.

"इथे नको," मी म्हणालो.

"इथेच. सगळ्यांसमोर. मागाहून कोणी म्हणायला नको की आपण काही ठरवलं होतं."

"ठरवतेच आहेस की."

"जिंकायचं ठरवतेय. तेवढं ठरवायची परवानगी आहे ना, गोदा-सान?"

गोदा-सान डोकं खाजवत म्हणाले, "परवानगी आहे. पण मी तुमच्या दोघांच्याही पुढे गेलो तर? मग मी तुमच्या घरी बसायचं का?"

सगळे हसले. इकुयोही हसली. मी हसलो नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मला कळलं की ती गंमत करत नाही. तिच्या हातातून तिचं काम जाणार होतं, आणि ते वाचवायची एकच वाट तिला दिसली होती.

"चालेल," मी म्हणालो.

वसतिगृहात बायकांचा मजला वेगळा. जेवणाच्या खोलीत ती लांब बसली होती, वजनासाठी नुसतं कोन्याकु, ती पोट न भरणारी कंदाची जेली, आणि सूप घेऊन. ती सलग तीन वेळा आंघोळीच्या गरम पाण्यात बसून आली होती असं कोणीतरी म्हणालं. मी भात पुढे घेतला आणि तसाच सोडला. व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. मला काय हवं होतं? ती जिंकली तर मी घरी. मी जिंकलो तर ती घरी, आणि मग तिच्या समोर रोज जेवायला बसायचं. मुद्दाम मागे राहणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा नसता तरी तिला पहिल्या वळणावरच कळलं असतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. सुचत नव्हतं ते एका अर्थी बरंच होतं. बोटीत गुडघ्यांवर बसलं की माणसाला फार काही सुचावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वारा समोरून होता, पाणी जरा उसळलेलं. आम्ही सहा जण धक्क्यावरून सुटलो. आमच्या शर्यतीत बोटी उभ्या राहून निघत नाहीत. आधी संथ फिरत आपापल्या जागा धरायच्या आणि मग मोठ्या घड्याळावर नजर ठेवून वेगाची मूठ दाबायची. काटा बारावर येईल त्या क्षणी बोट पूर्ण वेगात रेषेवर पाहिजे. उशीर झाला तर मागे पडता. काटा यायच्या आधी रेषा ओलांडली, पापणी लवण्याइतकी आधी, तरी बाद. त्याला आम्ही नुसतं 'एफ' म्हणतो. ज्याच्यावर एफ लागतो त्याच्यावर लावलेले लोकांचे पैसे परत द्यावे लागतात आणि त्याला महिनाभर घरी बसवतात.

मी आत, गोदा-सान माझ्या बाहेर, तिसरा हामागुची नावाचा तरुण. इकुयोने बोट मागे वळवली आणि लांब गेली, फार लांब. निळा ठिपका झाला. तिथून तिच्या मोटरचा आवाज चढायला लागला आणि मला तो इतरांच्या आवाजातून वेगळा ऐकू आला. पात्याची कडा पाणी कापत होती. मी घड्याळाकडे बघत होतो, पण ऐकत तिलाच होतो. हात मुठीवर. अजून नाही. अजून नाही. तो आवाज जवळ आला आणि मी मूठ दाबली.

रेषेवर मी अर्धी बोट पुढे होतो. पहिल्या वळणाला इकुयो आलीच. गोदा-सानना आणि हामागुचीला तिने बाहेरून झाकलं, तिच्या बोटीचं पाणी माझ्या तोंडावर आलं, आणि एक क्षण तिचं टोक माझ्या खांद्याच्या रेषेत होतं. मी बोट वळणाच्या तरंगत्या खांबाला घासून आत दाबली, ती बाहेर फेकली गेली, आणि मी सुटलो. पलीकडच्या सरळ पाण्यावर माझ्यापुढे कोणी नव्हतं. मी ओरडलो. कोणाला ऐकू जाणार नव्हतं म्हणून मोठ्याने ओरडलो. तेव्हा मला फार आनंद झाला होता, हे जे लोक चहा पिताना ती गोष्ट सांगतात त्यांना कळावं म्हणून लिहितो. माझी बायको मागे होती आणि मी पुढे होतो, आणि माझ्या डोक्यात काएदे नव्हती, आई नव्हती, उद्या कोण घरी बसणार तेही नव्हतं.

मग दुसऱ्या वळणावरच्या फलकावर लाल दिवा लागला. आकडा एक.

तो आकडा मी दोनदा वाचला. एफ. ज्याला लागला त्याने लगेच पाण्याबाहेर जायचं असतं, तो नियम हातापायांत भिनलेला. मी मूठ सोडली आणि आत वळलो. इकुयो माझ्या बाजूने पुढे गेली, डोकं खाली, माझ्याकडे न बघता. प्रेक्षकांमधून मोठा गोंगाट उठला. मला तो कधीच आवडला नाही, त्या दिवशी तर नाहीच.

धक्क्यावर मी एकटा उभा राहिलो आणि उरलेल्या फेऱ्या बघितल्या. ती पहिली आली. गोदा-सान दुसरे.

आपल्या शाखेच्या माणसाची बोट पाण्यातून वर घ्यायला आपण धावायचं असतं. मी धावलो. तिने शिरस्त्राण काढलं, केस कपाळाला चिकटलेले, ओठ निळे.

"किती?" तिने विचारलं.

"पापणीएवढं."

ती पंखा सोडवायला वाकली.

एफ लागलेल्या माणसाने आधी अधिकाऱ्यांच्या खोलीत जाऊन बोलणी खायची आणि मग शर्यतीतल्या प्रत्येकाकडे जाऊन माफी मागायची. मी गेलो. हामागुची माझ्याहून जास्त वाकला, बिचाऱ्याला काय करावं कळेना. गोदा-सान म्हणाले, "डोकं वर कर. तुझ्यामुळे मी दुसरा आलो. अधूनमधून असं करत जा."

शेवटी इकुयो राहिली. ती चषक घ्यायला जायच्या तयारीत होती, कोणीतरी तिच्या गळ्यात फुलांचा हार घातलेला. मी समोर उभा राहून कमरेत वाकलो.

"माफ करा," मी म्हणालो.

"हे मोजायचं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "कळलं का, मियावाकी-सान? आयता विजय आहे हा. पुढचा बाद झाला म्हणून मिळालेला. मी तुम्हाला हरवलेलं नाही."

"निकाल तुझ्या बाजूने आहे."

"निकाल त्यांचा. आपला नाही लागला."

मग तिला प्रेक्षकांसमोर फेरी मारायला नेलं. हात हलवायचा असतो. तिने हलवला नाही.

परतीच्या गाडीत आम्ही खिडकीशी समोरासमोर बसलो. तिच्या शेजारी एक आजी होत्या, मांडीवर बोचकं. इकुयोने संत्रं सोललं, सहा फोडी काढल्या आणि खिडकीखालच्या फळीवर मांडल्या.

"हा तू. ही मी. हे गोदा-सान."

"गोदा-सान एवढे बारीक नाहीत."

"गप्प बस." ती आता घरच्या भाषेत आली होती. "तू इथे होतास रेषेवर. आता मी तुला तुझ्या जागी ठेवते." तिने माझी फोड नखाएवढी मागे सरकवली आणि स्वतःची फोड लांबून आणून सगळ्यांना वळसा घालून पुढे ठेवली. "असं झालं असतं."

"मी आतून दाबून धरलं असतं."

"कशाने? जोर कुठून आणला असतास?"

"मोटर चांगली होती माझी."

"माझी वाईट होती का?"

"तू वळणावर बाहेर फेकली गेलीस. ते तरी झालं ना?"

"तू अर्धी बोट पुढे होतास म्हणून फेकली गेले! बरोबरीत असते तर मी आधीच तुझ्यावरून गेले असते." तिने फोड पुन्हा मागे घेतली, पुन्हा वळसा घातला. "बघ. बघ की."

आजींनी विचारलं, "कसला खेळ आहे हो हा?"

"नवऱ्याने घरी बसायचं की बायकोने, त्याचा," इकुयो म्हणाली.

"आमच्या वेळी हा खेळ नव्हता," आजी म्हणाल्या.

गाडी पुलावर आली होती. खाली बेटं, मासेमारीच्या बोटी, कोणाच्या तरी नोरीच्या जाळ्या. मी खाली बघत राहिलो. ती परत परत फोडी मांडत होती आणि मी परत परत नाही म्हणत होतो. साकाइदे आलं, गाडी बदलायची होती. तिने माझी फोड उचलून खाल्ली आणि बाकीच्या आजींना दिल्या.

घरी गेल्यावर आई निकाल ऐकून म्हणाली, "म्हणजे ठरलं काय?"

"काहीच नाही," इकुयो म्हणाली.

आई दुसऱ्या आठवड्यात मात्सुयामाला माझ्या बहिणीकडे राहायला गेली. थोडे दिवस म्हणाली होती, पण हिवाळ्याचे कपडेही घेऊन गेली.

इकुयोला त्या चषकामुळे लागोपाठ नेमणुका आल्या. मला महिनाभर शिक्षा. ती गेली की मी आणि काएदे. मला काही जमत नव्हतं. उदोनच्या शेवया काएदेसाठी बारीक चिरायच्या असतात हेही माहीत नव्हतं. ती त्या लांब लांब शेवया हातात धरून बघत बसायची. आंघोळीला रडायची, केस विंचरताना रडायची, मी तिला चपला उलट्या घातल्या म्हणून रडायची. ती झोपली की मी शेडमध्ये जाऊन पंखा ठोकायचो. पाण्यात न उतरवता ठोकायचो, त्यामुळे तो बरा होतोय की बिघडतोय काहीच कळायचं नाही. तरी ठोकायचो. दुपारी काएदेला पाठीवर घेऊन बंदरापर्यंत जायचो आणि परत यायचो, परत जायचो. समोरच्या तांदूळवाल्याची बायको म्हणाली, "मियावाकी-सान, रस्ता झिजवाल."

टीव्हीवर शर्यती दाखवायचे तेव्हा मी आवाज बंद करून बघायचो. इकुयो लांबून यायची. नेहमी लांबूनच. एकदा तिने माझ्याच जागी बसलेल्या एका नावाजलेल्या माणसाला बाहेरून झाकलं. तो वेळेवर निघाला होता. नखाएवढाही पुढे नाही, मागे नाही. मी ते बघितलं आणि टीव्ही बंद केला. मग परत लावला.

शिक्षा संपत आली आणि माझं नेमणुकीचं पत्र आलं. त्याच दिवसांचं तिलाही होतं, दुसऱ्या गावाचं. आईला फोन केला तर बहीणच बोलली, आईचा गुडघा सुजलाय म्हणाली. दोघांपैकी एकाने कळवायला हवं होतं की येत नाही. दोघांनीही कळवलं नाही. निघायच्या सकाळी दोघांच्याही पिशव्या दारात भरून ठेवलेल्या होत्या. पंख्यांच्या पेट्या शेजारी शेजारी. पोस्टासमोरून बस जायची, तीच दोघांना पकडायची होती.

"तू जा," इकुयो म्हणाली. ती पायरीवर बसून काएदेला मोजे घालत होती. "मी फोन करून सांगते, येत नाही म्हणून."

"का?"

"का म्हणजे? निकाल लागला नाही ना. मग सगळे म्हणतात तसंच होणार. तुझं नाव मोठं आहे, तू जा."

तिचा आवाज साधा होता. तो साधा होता म्हणून मला उभं राहवेना. मी पिशवी उचलली, चपला घातल्या, दार उघडलं. थंडी आत आली. मी दारातच थांबलो.

"गेली असतीस," मी म्हणालो.

"काय?"

"मी वेळेवर निघालो असतो तर तू माझ्यावरून गेली असतीस. बाहेरून. त्या दिवशी तुझी हातोडी ऐकली तेव्हाच मला माहीत होतं. शर्यतीत तुझी मोटर जवळ आली आणि मी घाबरून मूठ दाबली. थांबलोच नाही."

तिने दुसरा मोजा घातला. नीट ओढला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग सगळ्या रस्त्याने फोडी कशाला मांडत होतीस?"

"तुझ्या तोंडून यायला हवं होतं. मी एकटीनेच म्हणत राहून काय उपयोग?"

"आता आलं."

"आलं तर खरं." तिने वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण रागावल्यासारखी दिसत होती. "मग आता काय करतोयस? दारात उभा राहून घर गार करू नकोस. जायचं असेल तर जा. बस येईल."

मी पिशवी खाली ठेवली. पेटी त्या पिशवीवर ठेवली, मग चपला काढल्या.

ती उठली. मग काएदेला माझ्या हातात दिलं, स्वतःची पिशवी खांद्याला मारली, पेटी काखेत धरली आणि पळाली. बूट पुरते घातलेले नव्हते, टाच बाहेर. वळणावर बस दिसत होती. तिने हात वर केला, बस थांबली, ती चढली. काएदेने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडायला सुरुवात केली. तांदूळवाल्याची बायको बाहेर आली आणि माझ्याकडे बघून परत आत गेली.

मी काएदेला काखेत घेऊन आत आलो आणि कार्यालयाला फोन लावला.

"मियावाकी बोलतोय, कागावा शाखा. आजच्या नेमणुकीला येत नाही."

पलीकडचा कारकून तरुण वाटत होता. "आजारी आहात का?"

"नाही. घरात लहान मूल आहे. सांभाळायला कोणी नाही."

"बायको?"

"ती शर्यतीला गेलीय."

काएदे फोनची तार ओढत होती.

"माफ करा," तो म्हणाला. "जरा पुन्हा सांगता का?"

मी पुन्हा सांगितलं.